अभिज्ञानाचा प्रश्न : एका हरवलेल्या किल्लीच्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मेणवलीच्या घाटावर आमच्या मोटारीची किल्ली कृष्णेत पडली. घटना सांगण्याजोगी मोठी नव्हे. वाईला एका व्याख्यानासाठी गेलो होतो, परतताना नाना फडणवीसांचा वाडा पाहिला, घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात हात घातला आणि वरच्या खिशातली किल्ली घरंगळली. संस्कृत नाटकाच्या वाचकाला अशा वेळी काय आठवते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. मात्र त्या आठवणीचा खरा अर्थ आम्हाला पुढच्या दीड महिन्यात कळला. त्यातून काही मते बनली, ती येथे मांडावीशी वाटतात.

वाईच्या बाजारातला एक वयस्कर चावीवाला सायकलवरून आला. कुलपात कोरी पट्टी घालून, ती फिरवून, उमटलेल्या खुणांवर कानस चालवत त्याने अर्ध्या तासात नवी किल्ली घडवली. दार उघडले. किल्ली स्टिअरिंगखालच्या कुलपातही सहज फिरली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेटले नाही. समोरच्या काट्यांच्या पाटीवर किल्लीचे एक इवलेसे चित्र लुकलुकत राहिले. चावीवाल्याने ते पाहिले, हत्यारे पिशवीत भरली आणि म्हणाला, "साहेब, कुलूप मी उघडलं. पण गाडी तुम्हाला ओळखत नाही." त्याने निम्मेच पैसे घेतले.

त्याचे वाक्य तांत्रिकदृष्ट्याही अचूक होते. इमोबिलायझर बसवलेल्या गाडीत किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक चिमुकली चिप असते. जुन्या किल्ल्यांत ती तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीतही आढळते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला क्षणभरापुरती वीज मिळते आणि तेवढ्यात ती आपली ओळख सांगते. सुरुवातीच्या चिपा एकच ठरावीक आकडा सांगत. पुढे पद्धत सुधारली : गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारते आणि दोघींनाच ठाऊक असलेल्या गुप्त आकड्याच्या आधारे किल्ली त्याचे उत्तर काढून देते. उत्तर जुळले तरच इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी सोडतो. आपल्या जुन्या किल्ल्यांच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द विचारीत, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे परवलीचा शब्द मालकाला कधीच सांगितलेला नसतो.

पुढचा अध्याय साताऱ्याच्या सेवाकेंद्रातला. गाडी ओढून तेथे नेली. दुसरी किल्ली आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. ती वडिलांकडे असे. दोन वर्षांपूर्वी ते गेले; त्या इस्पितळाच्या दिवसांत ती कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे दोन्ही किल्ल्या हरवलेल्या. मग पोलिसांकडील हरवल्याची नोंद, नोंदणीपत्र आणि ओळखपत्र मागितले. काउंटरवरच्या मुलीने नोंदणीपत्र वाचले आणि अतिशय सौजन्याने म्हणाली, "मालकांना एकदा घेऊन यावं लागेल." नोंदणीपत्रावर नाव वडिलांचे होते. मृत्यूनंतर वारसाच्या नावे वाहन करून घेण्याचा नमुना ३१ तीन महिन्यांत भरायचा असतो. तो आम्ही भरला नव्हता. आळस हे कारण अर्धेच खरे. त्या कागदावरचे त्यांचे नाव पुसायला हात धजावत नव्हता, हे उरलेले अर्धे.

चूक आमची होती आणि त्या मुलीचे वागणे नियमाला धरून होते. मृत्यूचा दाखला, भावंडांची ना-हरकत, परिवहन कार्यालय हे सारे पार पडले. चासी क्रमांकावरून नव्या किल्ल्या मागवल्या गेल्या. (हा क्रमांक सतरा अक्षरांकांचा असतो आणि एक व शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरत नाहीत. पाठभेद टाळण्याची ही दक्षता हस्तलिखितांच्या अभ्यासकांना भावेल.) किल्ल्या आल्यावर एका यंत्राने जुन्यांची ओळख गाडीच्या स्मृतीतून पुसली आणि नव्यांची नोंदवली. ते काम मोजून दहा मिनिटांचे. सर्व मिळून खर्च १४ हजारांच्या वर गेला. गाडीचे वय पंधरा वर्षे.

आता शाकुंतलाकडे वळू. महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाही. तेथे राजाला शकुंतला आठवते, पण लोकापवादाच्या भीतीने तो न ओळखल्याचे सोंग करतो; अखेरीस आकाशवाणी साक्ष देते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणली, आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. राजा आता खोटारडा उरत नाही, पण शकुंतलेची स्थिती अधिक भयंकर होते. समोर उभी असलेली स्त्री, तिचा आवाज, तिने सांगितलेल्या एकांतातल्या आठवणी यांपैकी काहीही पुरावा म्हणून चालत नाही. चालते ती फक्त खूण, आणि ती शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली. सहाव्या अंकाच्या आरंभी जो कोळी येतो, त्याचे हाल उलट बाजूने तेच सांगतात. त्याच्याकडे खूण आहे, पण ती बाळगण्याचा अधिकार त्याला नाही, म्हणून शिपाई त्याला चोर ठरवून बडवतात.

आमच्या मते या दोन प्रसंगांत इमोबिलायझरची सारी समस्या सामावलेली आहे. खुणेवर विसंबणारी कोणतीही व्यवस्था दोन जणांवर अन्याय करण्याचा धोका पत्करते : खूण हरवलेल्या खऱ्या मालकावर, आणि खुणेला हात लावणाऱ्या प्रामाणिक कारागिरावर. साताऱ्याच्या काउंटरपाशी आम्ही शकुंतलेच्या जागी होतो. वाईचा तो चावीवाला आपल्या हयातीत कितीदा कोळ्याच्या जागी उभा राहिला असेल, याची कल्पना करवत नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग हे यंत्रच नको. आम्ही तसे म्हणत नाही. युरोपीय समुदायाने १९९५ च्या निर्देशानुसार नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या आकडेवारीवरून दोन डच अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९५ ते २००८ या काळात मोटारचोरीचे प्रमाण या उपायामुळे सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले, असा निष्कर्ष आहे. चोर जुन्या गाड्यांकडे वळले, हे हिशेबात धरूनही. उलट उदाहरण अमेरिकेचे. तेथे अशी सक्ती नव्हती. २०१५ सालच्या ह्युंदाई आणि किया गाड्यांपैकी जेमतेम चौथाई मॉडेलांत इमोबिलायझर मुळातून बसवलेला होता. इतर कंपन्यांत हेच प्रमाण ९६ टक्के होते. पुढे २०२१-२२ मध्ये यूएसबी केबलच्या टोकाने या गाड्या सुरू करण्याच्या चित्रफिती पसरल्या आणि चोऱ्यांची लाट उसळली. तेव्हा चिप बसवण्यात काही गैर नाही. गैर आहे ते तिचे गुपित कोणाच्या मुठीत ठेवले आहे, त्यात.

येथे एका भाषातज्ज्ञाचे स्मरण करावेसे वाटते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स हा नेदरलँड्समध्ये जन्मलेला गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन शिकवीत असे आणि फोलाप्यूक या कृत्रिम विश्वभाषेचा मोठा पुरस्कर्ता होता. १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनावरील निबंधात त्याने एक तत्त्व मांडले : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायची ती केवळ किल्ली. गुप्तलेखनशास्त्र आजही या तत्त्वावर उभे आहे. मोटार-उद्योगाने बराच काळ नेमके उलट केले. किल्ली आकाराने लहान ठेवली आणि पद्धत झाकून ठेवली. परिणाम व्हायचा तो झाला. २००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी लक्षावधी किल्ल्यांत वापरलेली, अवघ्या ४० बिटांच्या गुपितावर विसंबणारी एक चिप फोडून दाखवली. पुढे बर्मिंगहॅम आणि नायमेगेन येथल्या संशोधकांनी मेगामोस नावाच्या चिपेतील दोष शोधले, तेव्हा फोक्सवॅगनच्या अर्जावरून २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या निबंधाच्या प्रकाशनाला मनाई केली. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, तो निबंध प्रसिद्ध झाला, पण एक वाक्य गाळून. लेखनस्वातंत्र्यावर व्याख्याने देणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे उदाहरण आपल्या टिपणांत जरूर लिहून ठेवावे. एका वाक्याने कुलूप निकामी होणार असेल, तर दोष वाक्याचा की कुलपाचा?

आता मूळ मुद्दा. गाडीची किंमत आम्ही मोजली, कर भरला, विमा आमच्या नावे. पण तिला नवी किल्ली ओळखवून देण्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. तो गाडी बनवणाऱ्याकडे आणि त्याने नेमलेल्या केंद्रांकडे आहे. मराठीत घराच्या सत्तेचे वर्णन कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून करीत आले. सून घरची मालकीण झाली हे तिच्या कमरेला जुडगा आला, यावरून कळे. त्या अर्थाने पाहिले तर आपल्या मोटारींचा जुडगा अजून सासूच्याच कमरेला आहे, आणि सासू परगावी राहते.

हे अटळ नाही. कॅलिफोर्नियाने २००६ मध्येच असा कायदा केला, की नोंदणीकृत मालकाच्या सांगण्यावरून नोंदणीकृत कुलूपकारागिराला किल्लीसाठी लागणारी माहिती उत्पादकाने उपलब्ध करून द्यावी. आपल्याकडे २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि निदानयंत्रे खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढे अपिले झाली, पण आयोगाने बोट ठेवले होते ते वर्म खरेच होते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि त्यात मोटारींचा समावेश आहे. दिशा योग्य आहे, पण मालकाच्या हाती गुपित देण्यापर्यंत ती अजून पोहोचलेली नाही.

आमची मागणी दोन कलमी आहे. गाडी हाती देतानाच किल्लीचा क्रमांक आणि नवी किल्ली नोंदवण्यासाठी लागणारा सांकेतिक आकडा मालकाला बंद पाकिटात द्यावा. तो जपण्याची जबाबदारी त्याची. आणि कुलूपकारागिरांची शासकीय नोंदणी करून, प्रशिक्षण व पडताळणीनंतर त्यांना हे काम उघडपणे करू द्यावे. चोरांचे फावेल, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. पण किल्ल्या नोंदवणारी यंत्रे आजही बाजारात मिळतात आणि शहरांतले अनेक चावीवाले ती वापरतात. नोंदणी नसल्याने सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हे मात्र कळत नाही. बंदीने चोर अडत नाही. वाईचा म्हातारा अडतो.

तोवर वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. नव्या गाडीच्या किल्ल्यांसोबत क्रमांकाची लहानशी पट्टी मिळाली असेल, तर ती किल्ल्यांनाच अडकवून ठेवू नका. एक किल्ली हाती आहे तोवरच आणखी एक करून घ्या. दोन्ही हरवल्यावर खर्चही वाढतो आणि खटाटोपही. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या मूळ किल्ल्या मागतात, तेव्हा हरवलेल्या किल्लीची नोंद वेळीच करा. आणि नोंदणीपत्रावर कोणाचे नाव आहे, ते आज घरी जाऊन वाचा.

नव्या किल्लीने गाडी पहिल्याच फेरीत सुरू झाली. ज्या खुणेने ती वडिलांना ओळखत असे, ती त्या दहा मिनिटांत पुसली गेली होती. काउंटरवरच्या मुलीने जुन्या किल्ल्या सापडल्या तरी आता चालणार नाहीत, असे बजावले. आम्ही मान डोलावली. घरी आल्यावर वडिलांच्या कपाटाचा तळचा कप्पा पुन्हा एकदा उपसून पाहिला.