चुकायला हक्काची जागा

वीज कर्मचाऱ्यांसाठी प्रत्यक्ष सरावाचं केंद्र अंबरनाथच्या मोरिवली औद्योगिक वसाहतीत उभारावं, असं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: लाइनमन खांबावर घडतो, आखाड्यात नाही. हे अगदीच खोटं नाही. आयटीआयमधून तारतंत्री होऊन आलेल्या मुलाला वायरिंगचा बोर्ड पाठ असतो, पण खांबावरून लाइन तोडणाऱ्या एबी स्विचच्या दांड्याला किती जोर लावायचा हे जुना हातच शिकवतो. मात्र तो जुना हात सोबत असतो तेव्हा फीडर बंद पडलेला असतो आणि बदलापूरपर्यंतचे फोन खणखणत असतात. अशा वेळी शिकाऊ पोरगा बॅटरी धरतो, सामान वर देतो, शिकतो कमी. चुकून बघायची मुभा तिथे कोणालाच नसते, आणि खरी चूक झालीच तर ती सुधारायला माणूस उरेल याची खात्री नाही.

नाशिकजवळ एकलहऱ्याला महावितरणचं प्रशिक्षण केंद्र आहे, मग दुसरं कशाला, असंही विचारतात. वर्ग तिथे खुशाल भरावेत. हाताची सवय मात्र एका शिबिरावर टिकत नाही. ती ड्यूटीच्या गावाजवळच पुन्हा पुन्हा घासावी लागते. शिवाय केंद्र म्हटलं की आपल्याकडे कोऱ्या करकरीत उपकरणांचं प्रदर्शन मांडतात (उद्घाटनाच्या फोटोत ते शोभतंही). मोरिवलीत नेमकं उलट करावं. इथल्या कारखान्यांचा धूर आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंड खातात, तेव्हा भंगारात निघालेला गंजका एबी स्विचच खांबावर चढवावा. दांडा ओढला, खाडकन आवाज झाला, दोन पाती उघडली, तिसरं चिकटूनच राहिलं. मान वर करून तिन्ही पाती मोजली नाहीत, तर हातात काम सुरू करायचं परमिट असूनही एक फेज जिवंत. सामान २२ केव्हीचं, पण तारेत सोडलेली वीज २४ व्होल्टची. तार जमिनीला जोडणारा डिस्चार्ज रॉड न लावता हात गेला की भोंगा वाजेल. पलीकडे चेंजओव्हर स्विच नसलेला जनरेटर ठेवावा आणि प्रशिक्षकाने अधूनमधून न सांगता त्या बाजूने आल्यासारखी वीज लाइनवर सोडावी, अर्थात तीही २४ व्होल्टचीच आणि ट्रान्सफॉर्मर वगळून. खऱ्या लाइनवर हा धोका असतोच, कारण २२,००० व्होल्टचे ४३३ करणारा डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनेही चालतो. खालून वीज मिळाली तर ती सुमारे ५१ पट चढवून तो बंद समजलेल्या लाइनवर सोडतो. फळ्यावर हे सगळ्यांना कळतं. भोंगा वाजल्यावर मात्र ते अंगात मुरतं.

आभासी वास्तवाच्या चष्म्यावर हे स्वस्तात भागेल, असं नव्या पिढीचं म्हणणं. ठिणगीचा स्फोट दाखवायला तो चष्मा उत्तमच. पण रबरी हातमोज्यांतून निसटणारा नट आणि कमरेत रुतणारा सेफ्टी बेल्ट त्यात येत नाही. खर्चाचं म्हणाल, तर पाच-सहा खांब, एक डीपी आणि भांडारातलं भंगार एवढ्यावर सुरुवात होते. प्रशिक्षणाची अट केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांतच आहे, म्हणजे ही काही मेहेरबानीही नाही.

माझ्या लेखी खरी अडचण फाटकावर आहे. कायम तंत्रज्ञ पगारी दिवसावर येईल. त्याच खांबावर चढणारा कंत्राटी कामगार मात्र हजेरी बुडेल म्हणून येणार नाही. निविदेतच सरावाच्या दिवसांची मजुरी धरली, तर तोही येईल.