टीबीची गोळी आणि पेटंटचे वकील

पेटंट हा कंपन्यांचा आणि त्यांच्या वकिलांचा विषय, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध, असे अनेकांना वाटते. संबंध आहे. औषध कोण बनवणार आणि किती किमतीला विकणार, हे वकिलांनी लिहिलेल्या त्या अर्जावर ठरते.

पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. नवे औषध शोधणाऱ्याला ती मिळाली, तर माझी तक्रार नाही. पण पहिले पेटंट संपण्याआधीच त्याच औषधाच्या क्षारावर दुसरा अर्ज केला जातो आणि मक्तेदारी लांबवली जाते. तक्रार आहे ती याबद्दल.

बेडाक्विलिनचेच घ्या. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची ही गोळी. पूर्वी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत. नर्स म्हणून मी ती दिली आहेत. त्यांनी कित्येकांचे कान गेले. जॉन्सन अँड जॉन्सनचे या गोळीचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. दुसरा अर्ज मंजूर झाला असता, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. टीबीच्या औषधांमुळे दोघींनीही ऐकू येणे गमावले होते. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला.

हे जमले कायद्यामुळे. कलम ३(डी) सांगते की जुन्या औषधाचे रूप बदलले, पण गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. कलम २५(१) नुसार पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो.

कोणी म्हणेल, टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफतच मिळतात. खरे आहे, पण सरकार ती विकतच घेते. किंमत जास्त असली की तेवढ्याच पैशांत कमी रुग्णांचे औषध येते. आणि रांगेत मागे कोण राहते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता २०२४ च्या नियमांनी या हरकतीला फी लावली आहे. शिवाय हरकत ऐकायची की नाही, हे आधी अधिकारी ठरवणार. कंपनीला फीचे ओझे नाही, रुग्णाला आहे. ही अट रद्द झालीच पाहिजे.

रुग्णांच्या संघटना अशी हरकत घेतील, तेव्हा आपला अनुभव लेखी द्या. औषध ज्याच्या पोटात जाते, त्याची साक्ष वकिलाच्या कागदाइतकीच मोलाची आहे.