केमो थकली, पुढे ट्रायल. पण संमतीचा कागद मराठीत मिळणार का?

बेळगाव/निपाणी : ब्लड कॅन्सर केमोने आटोक्यात आला आणि काही महिन्यांत पुन्हा उलटला, की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. केमोचा आणखी एक कोर्स घ्यायचा, की डॉक्टर सांगतात त्या ट्रायलमध्ये नाव घालायचं? निपाणीच्या माणसाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, म्हणून पहिली धाव तिकडे. तिथून बहुतेकदा मुंबईच्या टाटाचा रस्ता.

ट्रायल म्हटलं की ‘आमच्यावर प्रयोग करणार’ हीच भीती. ती अगदीच खोटी नाही. पहिल्या टप्प्यात मुख्यतः औषध किती द्यावं आणि ते सोसतं का, एवढंच बघतात; बरं करण्याची हमी तिथे नसते. पण अशाच ट्रायलमधून आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची ‘नेक्सकार १९’ ही उपचारपद्धती उभी राहिली. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत सोडायच्या. त्याआधी केमो द्यावीच लागते, कारण नव्या पेशींना शरीरात जागा करायची असते. ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. 2025 मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटोलॉजी’त निकाल छापून आले : तपासता आलेल्या 51 पेशंटपैकी 73 टक्क्यांना गुण आला. उपचारामुळे दोघे दगावले, हेही त्यातच नोंदलेलं आहे. शिवाय हा उपचार बी पेशींच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, सरसकट सगळ्या ब्लड कॅन्सरला नाही.

मंजुरीनंतर खर्च 30 ते 40 लाखांच्या घरात सांगितला गेला. परदेशातल्या तीन-चार कोटींपुढे स्वस्त. विडी वळणाऱ्या घराला दोन्ही आकडे सारखेच. इथे सीमा आडवी येते. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमागावांना लागू केली, कर्नाटक सरकारने लगेच हरकत घेतली. राजकारण दोन्हीकडचं, कार्ड घेऊन खिडकीपुढे उभा पेशंट मात्र एकच.

एक गोष्ट मात्र कुठल्याही राज्याच्या मर्जीवर नाही. 2019 च्या केंद्रीय नियमांनुसार ट्रायलची माहिती पेशंटला समजेल अशा सोप्या भाषेत द्यावी लागते. मराठी कागदांसाठी या भागात वर्षानुवर्षे मोर्चे निघाले. हा कागद मोर्चाशिवाय मागता येतो. कन्नड किंवा इंग्रजी फॉर्मवर ‘सही करा, नंतर सांगतो’ म्हटलं, तर सही करू नये. ट्रायलमुळे अपाय झाला तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते, मधूनच बाहेरही पडता येतं, हे त्या कागदात लिहिलेलं असतं. नसेल तर विचारावं. गाडीभाडं, मुंबईतला मुक्काम आणि बुडणारी मजुरी कोण देणार, हेही सहीआधीच विचारून घ्यावं.