आरोग्यविचार : वजन उचलावे, श्वास कोंडू नये

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले, की त्याच संध्याकाळी तिच्या हातातील पिशवी कोणीतरी काढून घेते. पाण्याची कळशी, धान्याचा डबा, कडेवरचे नातवंड, सारेच वर्ज्य ठरते. त्यामागे माया असते. परंतु काही वर्षांनी त्याच व्यक्तीला मंदिरात जमिनीवरून उठताना खांबाचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा त्या मायेचा हिशेब निराळा दिसू लागतो.

ही भीती सर्वस्वी निराधार नाही. १९८५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सूक्ष्म नळी बसवून, व्यायाम चालू असतानाच रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी अवजड भार ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला. एकाचा तर ४८०/३५० च्याही पुढे गेला. मात्र हे भार त्यांच्या शक्तीच्या सीमेवरचे होते आणि जोर लावताना श्वास कोंडला जात होता. नाक-तोंड मिटून जोर करण्याच्या या क्रियेला अंतोनियो मारिया व्हालसाल्व्हा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव आहे. तिने छातीतील दाब वाढतो आणि धमन्यांतील दाबात त्याची भर पडते. दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी कपाट सरकवताना नेमके हेच घडते. त्या वेळी मात्र रक्तदाबाची आठवण कोणालाच होत नाही!

बेताचे वजन आणि मोकळा श्वास असेल, तर चित्र पालटते. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यांत १५ हजारांहून अधिक व्यक्ती सहभागी होत्या. नियमित वजनांच्या व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा वरचा आकडा सरासरी साडेचार अंकांनी उतरला. चालणे, सायकल चालविणे आदी व्यायामांचा लाभही जवळजवळ तेवढाच होता. सर्वांत मोठी घट, सुमारे आठ अंकांची, आढळली ती स्नायू ताणून स्थिर राहण्याच्या व्यायामांत. भिंतीला पाठ टेकून अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे राहणे हा त्यांतलाच एक. दोन मिनिटे बैठक, मग विश्रांती, अशी चार आवर्तने आठवड्यातून तीनदा, ही त्याची प्रचलित पद्धत. साठीतल्या गुडघ्यांनी अर्थातच वीस सेकंदांपासून आणि फारसे खाली न वाकता आरंभ करावा. या स्थितीतही दाब तात्पुरता वाढतोच. म्हणून मोठ्याने अंक मोजत राहावे. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही.

आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार दाब १८०/११० च्या वर असेल तर वजनांचा व्यायाम करूच नये. १६०/१०० च्या वर असल्यास आधी तो आटोक्यात आणण्याचा विचार व्हावा. छातीत दुखणे किंवा धाप लागणे हा त्रास असलेल्यांनी तपासणीपूर्वी या वाटेला जाऊ नये.

जिमची वर्गणी भरलीच पाहिजे असे नाही. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली सुमारे एक किलोची होते. दोन हातांत दोन बाटल्या सुरुवातीस पुरतात. दहा ते पंधरा वेळा सहज उचलता येईल इतकेच वजन घ्यावे. उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे हाही मांड्यांसाठी उत्तम व्यायाम होय. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवसाचा खंड ठेवून, हा क्रम चालवावा. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणीही वर्ज्य असेल तेव्हा, तो टाळावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठताना भोवळ येते आणि शरीरात पाणी कमी असेल तर ती अधिक येते.

चालण्याचा परिपाठ मोडू नये. हा व्यायाम त्याच्या जोडीला आहे. गोळीही स्वतःहून बंद करू नये. घरी मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी; मात्रा कमी करावयाची की नाही, हे ते ठरवतील.