नकाशावर सही करण्याआधी लिफ्टचं दार मोजा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या सभासदांना ही कळकळीची विनंती. ती आजच करायला हवी, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या पुनर्विकासाचे नकाशे सध्या कमिटीच्या टेबलावर आहेत.

तळमजला अधिक तीन किंवा चार मजले आणि लिफ्टचा पत्ता नाही. नौपाड्यापासून डोंबिवलीच्या रामनगरपर्यंत कितीतरी जुन्या इमारती अशाच आहेत. ऐन चाळिशीत इथे घर घेतलेली माणसं आता सत्तरीपार गेली. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून शेजारची मुलं वर नेतात. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरपी होते, आजी कठडा घट्ट धरतात. मग पुढच्या तपासणीपर्यंत त्यांचं बाहेरचं जग म्हणजे गॅलरी.

नवा टॉवर झाला की हे संपेल, असं आपण धरून चालतो. पण लिफ्टपाशी पोचायलाच तीन पायऱ्या चढाव्या लागतात, असे कितीतरी टॉवर उभे आहेत. कुठे रॅम्प असतो, पण दुचाकीसाठी केलेला, इतका खडा की व्हीलचेअर ढकलणाऱ्याचाच तोल जातो. कुठे लिफ्टचं दार एवढं अरुंद की चाकं चौकटीत अडकतात. उताराचं मान्य प्रमाण 1:12 आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट रॅम्प. लिफ्टचं दार उघडल्यावर किमान 900 मिलिमीटर मोकळी जागा हवी. नकाशात ही दोन मापं स्वतः शोधा.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016च्या कलम 44नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकामाची परवानगी देता येत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. याच कायद्यातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी सोसायटीचं नाव स्पष्ट आहे. नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा, असं केंद्राला बजावलं.

तरी सरकारी कार्यालयांची स्थिती काय आहे, हे ऑक्टोबर 2023मध्ये सगळ्यांनी पाहिलं. व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी मुंबईत खारच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, कारण तिथे लिफ्ट नव्हती. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. लग्नाच्या दिवशी एखाद्या नवरीवर अशी वेळ यावी, ही आपल्या सगळ्यांच्याच शरमेची गोष्ट आहे.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालायला लावा. फाटकापासून घराच्या दारापर्यंत एकही पायरी आड येणार नाही, स्ट्रेचर आडवं मावेल अशी एक तरी लिफ्ट असेल आणि वीज गेल्यावर ती जनरेटरवर चालेल, हे विकास करारनाम्यात मापांसह लिहून घ्या. विकासकाचं तोंडी आश्वासन पुरेसं मानू नका. ज्यांच्या घरी कोणी वॉकर किंवा व्हीलचेअर वापरतं, त्यांना बोलायला पुढे बसवा. वॉर्ड ऑफिस, शाळा, दवाखाना यांत रॅम्प किंवा लिफ्ट नसेल, तर आधी महापालिकेकडे आणि दाद न मिळाल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या.

लिफ्टचा चौक एकदा काँक्रीटमध्ये उभा राहिला की तो इंचभरही रुंद होत नाही. सही त्याआधी होते. ती करण्यापूर्वी टेप घेऊन बसा.