वणव्याचा निरोप गावाला सगळ्यात शेवटी का?

होळीच्या आगेमागे जावळीचे डोंगर गवताने पिवळे झालेले असतात. एखाद्या रात्री केळघर घाटाच्या अंगाला लाल रेघ उठते, सरकत सरकत वर चढते, आणि मेढ्याच्या बाजारपेठेत माणसे एकमेकांना विचारतात, "कुठला हो डोंगर पेटला?" कोणी एक नाव सांगतो, कोणी दुसरेच. वारा कुठला आहे, विझवायला कोणी गेले का, आपल्या वाडीकडे उतरेल का, यातले काहीच कोणाला नक्की ठाऊक नसते. वणवा का लागतो यावर दर साल भाषणे होतात. लागल्याची खबर कोणाला आणि कधी मिळते, यावर मात्र कोणी बोलत नाही.

शेतकरी बंधूंनो, खबर असतेच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने देशभरातले वणवे टिपते. एका उपकरणाची नजर साधारण एक किलोमीटरच्या चौकोनाची, तर २०१७ पासून जोडीला घेतलेल्या दुसऱ्याची ३७५ मीटरची. आगीचा ठिपका दिसला की त्याचे अक्षांश-रेखांश नोंदणी केलेल्या मोबाईलवर एसएमएसने जातात. वनखात्याचे अधिकारी, वनपाल, वनरक्षक यांना ते मिळतात. पुढचे बोलणे फोनवर नाहीतर वायरलेसवर. नोंदणी तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसालाही करता येते, पण आपल्या गावात ती केलेला माणूस शोधून काढावा लागेल.

यात दोन अडचणी आहेत, आणि त्या समजून घेतल्याच पाहिजेत. बारीक नजरेचे उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. म्हणजे संध्याकाळी सहाला पेटलेले गवत त्यांना मध्यरात्र उलटल्यावर दिसणार. तोवर डोंगराची अख्खी सोंड काळी झालेली असते. दुसरी अडचण त्याहून मोठी. हे एसएमएस जंगलासाठी आहेत. जंगलाच्या हद्दीबाहेरचे ठिपके त्यातून गाळले जातात. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे आग बहुतेक वेळा कुठे सुरू होते? मालकीच्या माळावर, बांधावर, राबाच्या तुकड्यात. तिथून ती वनखात्याच्या हद्दीत शिरते. उपग्रहाचा निरोप येतो तो ती शिरल्यावर.

तेव्हा आगीची पहिली खबर गावालाच असते आणि शेवटचा निरोपही गावालाच. गुराख्याला धूर दिसतो, पण सांगायचे कोणाला ते कळत नाही. वनरक्षकाला एसएमएस येतो, पण तो वाडीपर्यंत पोचत नाही. आणि कायदा काय म्हणतो? भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे राखीव किंवा संरक्षित वनात चराई-लाकूडफाट्याचा हक्क वापरणाऱ्या माणसाने आगीची माहिती जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्याला विनाविलंब द्यायची आहे, आणि आग विझवायलाही लागायचे आहे. विझवायची जबाबदारी गावावर टाकायची आणि निरोप मात्र द्यायचा नाही, हे काही न्यायाला धरून नाही.

अमेरिकेत या बाबतीत एक गमतीची पद्धत आहे. तिथे सरकारी जमिनी आणि जंगले सांभाळणारी खाती वणव्याच्या वेळी वायरलेसवर जे बोलतात, ते सामान्य माणूस घरी बसून ऐकतो. स्कॅनर नावाचा रेडिओसारखा संच मिळतो. तो एका वाहिनीवरून दुसरीवर फिरत राहतो आणि बोलणे सुरू असेल तिथे थांबतो. कुठली गाडी निघाली, पाण्याचे विमान कुठे मागवले, कोणता रस्ता बंद केला, हे डोंगराकडेच्या शेतकऱ्याला घरबसल्या कळते. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात 'वॉच ड्यूटी' नावाची सेवा निघाली. निवृत्त अग्निशामक आणि स्वयंसेवक हे बोलणे ऐकतात, तपासतात आणि मोबाईलवर लोकांना कळवतात. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगीत लाखो लोकांनी तिचा आधार घेतला. त्यांच्याकडे सगळे आलबेल आहे असे नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाईज हे गाव जळाले, त्या आगीत ८५ माणसे गेली, आणि पुष्कळांना घर सोडण्याचा सरकारी इशारा पोचलाच नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याच देशात, तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेल्यांपैकी वीसहून अधिक जण वणव्यात सापडून मेले.

कोणी म्हणेल, मग आपणही एक स्कॅनर आणू. तसे करू नका. आपल्याकडे साध्या रेडिओलाही पोस्टात लायसन भरावे लागे, तो काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. वायरलेसचा कायदा तर १९३३ पासूनचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही दुसऱ्याचे संदेश विनापरवाना ऐकणे हा गुन्हा असून त्याला तुरुंगवास आहे. वनखात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. वनरक्षक कोणत्या वाटेने गस्तीला चालला हे सर्वांना कळले, तर शिकाऱ्यालाही कळेल. कोयनेचे अभयारण्य आपल्या तालुक्याला लागून आहे, हे विसरून चालणार नाही. पण गस्तीचे बोलणे वेगळे आणि आगीचे वेगळे. आगीची खबर लपवून कोणाचे भले होणार?

म्हणून मागणी सरळ आहे. फेब्रुवारी ते मे या काळात आगीचा प्रत्येक निरोप वनरक्षकाने त्याच वेळी पोलीस पाटलाला आणि सरपंचाला कळवावा, आणि त्यांनी तो गावाला. त्यासाठी ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर साऱ्या गावाचे फोन वाजतात. ती चोर-दरोडेखोरांसाठीच वापरायची, असा काही नियम नाही. बामणोलीकडच्या खोऱ्यात मोबाईलला रेंज मिळायची मारामार, तिथे देवळावरचा भोंगा आहे. हंगामापुरता वनखात्याचा एक वायरलेस संच पोलीस पाटलाच्या घरी रीतसर ठेवता आला तर फारच उत्तम. उलट दिशेने गावाने १९२६ या 'हॅलो फॉरेस्ट'च्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, त्याला पैसे पडत नाहीत.

राब भाजणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण ते माझ्याच खात्याचे काम. नाचणी-वरीच्या राबाला भाजावे लागते, हे आम्हाला कळते. पण भाजायच्या आदल्या दिवशी वनरक्षकाला आणि शेजाऱ्याला सांगा, भोवतीचे गवत काढून हातभर रुंद नव्हे तर चांगली दोन-तीन वाव जाळरेषा घ्या, आणि दुपारच्या वाऱ्यात काडी ओढू नका. गवत चांगले येते म्हणून माळ पेटवणाऱ्यांचे मात्र आम्हाला पटत नाही. कोंब लवकर हिरवा दिसतो, ते खरे. पण उघडी पडलेली माती पहिल्या वळवात वाहून कण्हेरच्या जलाशयात जाते, आणि शेजाऱ्याच्या आंब्याची कलमे, ठिबकच्या नळ्या, गवताची गंजी यांची भरपाई तो कोंब करत नाही.

आता एक काम, जे उन्हाळ्याआधी करता येण्यासारखे आहे आणि ज्याला सरकारी मंजुरी लागत नाही. एसएमएस येतो तो आकड्यांत; वनखाते बोलते कक्ष क्रमांकात; आणि गावात डोंगराचे नाव असते भैरोबाचा माळ नाहीतर वाघजाईची सोंड. शेजारच्या वाडीत त्याच माळाला तिसरेच नाव. रात्री दोनला फोनवर ही भांडणे मिटत नाहीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन जुने गुराखी, वनरक्षक आणि तलाठी यांना एका चटईवर बसवा. प्रत्येक माळाचे गावातले नाव, शेजारच्या वाडीतले नाव, गट नंबर, कक्ष क्रमांक आणि जवळचे पाणी अशी यादी करून घ्या. एक प्रत चावडीत, एक पोलीस पाटलाकडे, एक मेढ्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या.