खेळणारे पाच, कारभारी फार

आमचे एक सेवानिवृत्त मामलेदार स्नेही गेल्या आठवड्यात अमेरिकेतील कन्येकडचा मुक्काम आटोपून परतले आणि इतरांना चॉकलेटे वाटून झाल्यावर माझ्या हाती मात्र त्यांनी एक घडी घातलेला छापील कागद ठेवला. त्यांचा नातू दक्षिण कॅलिफोर्नियातील एका छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे, म्हणजे बहुतांशी बाकावर आहे. त्या संघाच्या एका सामन्याची ती पत्रिका होती. हुद्द्यांची पाटी दिसली की पाय थबकतो ही माझी जुनी खोड या सदराच्या वाचकांना परिचित आहेच, आणि सहकारी गृहसंस्थेच्या जिन्यातील पाटीविषयी मी मागे लिहिले तेव्हा आमच्या चिटणिसांनी माझ्याशी काही काळ अबोला धरला होता हेही कित्येकांच्या स्मरणात असेल. परंतु या कागदावर होती तसली यादी आजवर माझ्या दृष्टीस पडली नव्हती.

प्रथम मुख्य प्रशिक्षक. त्यांच्याखाली सहयोगी मुख्य प्रशिक्षक, म्हणजे मुख्य असूनही मुख्य नसलेले. त्यांच्याखाली सहायक प्रशिक्षक. त्यांच्याखाली स्वयंसेवी सहायक प्रशिक्षक, ज्यांना वेतन नसले तरी हुद्दा आहे. मग बलसंवर्धनाचे प्रशिक्षक, दुखापतींची निगा राखणारे तज्ज्ञ, ‘बास्केटबॉल व्यवहारांचे संचालक’, चित्रफितींचे संयोजक आणि तळाशी विद्यार्थी व्यवस्थापक. छत्रपतींनी आठ प्रधानांवर राज्याचा गाडा हाकला. येथे एका वेळी मैदानावर उतरणाऱ्या पाच पोरांना आठही पुरले नाहीत. मामलेदारसाहेबांनी सारी हयात महसूल खात्यात काढलेली असल्यामुळे त्यांची शंका अधिक व्यवहारी होती. “अहो, एवढे अंमलदार आहेत, ते ठीक, पण कोठीची किल्ली यांतल्या कोणाकडे?” असे त्यांनी मला विचारले, जणू काही यादी मीच मंजूर केली होती.

वस्तुस्थिती सांगून मोकळा होतो. ज्या छोट्या कॉलेजांविषयी हे चालले आहे ती तेथील क्रीडासंघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत मोडतात, व या श्रेणीत खेळासाठी म्हणून विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देता येत नाही. त्याच मुलखात क्लेअरमाँट येथे पोमोना आणि पिट्झर या दोन कॉलेजांचा संयुक्त संघ आहे. १९७९ साली तेथे ग्रेग पोपोविच नावाचे गृहस्थ मुख्य प्रशिक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा ते कुटुंबकबिल्यासह काही काळ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच राहिले आणि पहिल्या हंगामात दोन सामने जिंकून बावीस हरले. हरलेल्यांत कॅलटेकविरुद्धचाही एक होता. कॅलटेकचे विद्यार्थी पदार्थविज्ञानात जगाला हरवतात हे खरे, परंतु आपल्या गटातील सामन्यांत पुढे १९८५पासून २०११पर्यंत ते लागोपाठ ३१० वेळा हरले, यावरून त्या पराभवाची प्रत लक्षात यावी. हेच पोपोविच नंतर सॅन अँटोनियोच्या व्यावसायिक संघाचे सूत्रधार झाले व त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळवली. आणि ज्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली हा खेळ शोधून काढला, ते पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर ५५ विजय आणि ६० पराजय जमा झाले. जिंकण्याहून हरण्याचा आकडा मोठा असलेले त्या विद्यापीठाच्या इतिहासातील ते एकमेव मुख्य प्रशिक्षक होत. नेस्मिथांना सहयोगी मुख्य प्रशिक्षक असता तर काय झाले असते, याचा विचार मी सोडून दिला आहे.

माझा त्रागा आहे तो निराळाच. हुद्दा जितका लांब तितके त्याखालचे वेतन आखूड, हा नियम मला आजवर केवळ आपल्याकडचा वाटत असे. पण अमेरिकनांनी तर तो हुद्द्यातच नमूद करून टाकला होता. १९९१ साली तेथील त्याच संघटनेने मोठ्या विद्यापीठांच्या संघांसाठी खर्चाला आळा घालण्याच्या मिषाने ‘मर्यादित प्राप्तीचा प्रशिक्षक’ अशी एक जागाच निर्माण केली, आणि या इसमास सालिना सोळा हजार डॉलरांहून अधिक देऊ नये असा दंडक घातला. एखाद्याने विवाहाच्या बोलण्यात आपला हा हुद्दा सांगावा, आणि वधूपित्याने पुढील चौकशी करण्याची गरजच उरू नये! त्या मर्यादित प्राप्तीच्या मंडळींनी अखेर संघटनेस न्यायालयात खेचले, आणि १९९९ साली पाच कोटी पंचेचाळीस लाख डॉलरांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. सरकारी तिजोरीची सवय असलेल्या आमच्या मामलेदारांना ही रक्कम ऐकवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

सामन्याच्या रात्री मात्र त्यांनी जे पाहिले ते पत्रिकेत छापलेले नव्हते. संपूर्ण सामनाभर मुख्य प्रशिक्षकाच्या कानाशी लागून, गळ्यातील टाय सैल करून, हातवारे करीत ओरडणारा जो सहायक होता, तोच सामना संपल्यावर, प्रेक्षक पांगत असताना, घामाने भिजलेले टॉवेल एका चाकाच्या टोपलीत गोळा करीत फिरत होता. बाकाखालच्या पाण्याच्या बाटल्या त्याने ओणवे होऊन काढल्या, खुर्च्या घड्या घालून भिंतीशी लावल्या, आणि परगावच्या सामन्यांना मुलांची व्हॅन हाकणाराही तोच, असे नातवाने सांगितले. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला लटकत होता. मामलेदारांची शंका फिटली. माझी उलट बळावली. सारी कामे एकाच माणसाने करावयाची असतील तर बाकीचे हुद्दे छापण्याचा शाईखर्च कोणत्या सदराखाली पडतो?

यादीतील चित्रफितींच्या संयोजकाविषयी मात्र मी बेअदबी करणार नाही. अंधाऱ्या खोलीत बसून झालेले सामने पुनःपुन्हा पाहावे, कोण कोठे चुकला याचे टिपण करावे, हे कारकुनी काम. पण पोमोनाच्याच संघातून खेळलेला माइक बुडेनहोल्झर नावाचा तरुण १९९४ साली पोपोविच यांच्या क्लबात याच कामावर चिकटला आणि २०२१ साली मिलवॉकीच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपद घेऊन गेला. आपल्याकडे फडणिशीतून राज्यकारभारापर्यंत पोहोचलेली माणसे होऊन गेली, तेव्हा आपल्याला यात नवल वाटू नये.

आपल्याकडच्या कॉलेजांत याच्या नेमकी उलट तऱ्हा. येथे यादी एका माणसाची, व त्या एकट्याचा हुद्दा ‘शारीरिक शिक्षण संचालक’. ज्याच्या हाताखाली संचलन करण्यास कोणीही नाही असा संचालक प्रत्येक कॉलेजात असतो. क्रिकेटपासून कॅरमपर्यंत तोच प्रशिक्षक, तोच निवड समिती आणि प्रवासभत्त्याची बिलेही तोच भरतो. आमच्या कॉलेजातील संचालक सज्जन होते व त्यांचा मूळ खेळ मल्लखांब होता. त्यामुळे बास्केटबॉलच्या मुलांना ते मुख्यत्वे छाती पुढे काढावयास सांगत. खेळ शिकवीत ते जिमखान्याचे शिपाई, ज्यांना सारे कॉलेज मामा म्हणत असे. मामांनी बास्केटबॉल कधी खेळलेला नव्हता. मैदानाच्या कडेला असलेल्या कट्ट्यावर बसून ते प्रत्येकाच्या हुकलेल्या फ्री थ्रोगणिक एक खडा मांडीत, आणि संध्याकाळी ज्याच्या नावाची रास मोठी असेल त्याला जाळी काढून आत ठेवण्यास सांगत. आमच्यातला एक खेळाडू चेंडू हाती आला की हमखास उजवीकडेच धावे. तो दोष संचालकांच्या नजरेस कधी आला नाही, मामांनी मात्र त्याला एकदा हाक मारून विचारले, “अरे पोरा, तिकडं काय लाडू ठेवलेत का?” त्यानंतर तो डावीकडे जाऊ लागला.

मामांच्या ताब्यात एक पितळी पंप होता. त्याचा चामडी वायसर उन्हाळ्यात वाळून आखडला की मामा तो खोबरेलात भिजत घालीत, चेंडूत सुई खुपसण्यापूर्वी तिला जिभेवर टेकवीत, आणि हवा भरून झाली की चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडून तो कमरेपर्यंत येतो की नाही ते पाहत. न आला तर पंपाला नव्हे, चेंडूला शिव्या देत. पुढे लेखापरीक्षकांनी डेड स्टॉक रजिस्टर तपासून अशी हरकत घेतली की सदर पंपाचे विहित आयुर्मान केव्हाच संपुष्टात आले असून तो अद्याप साठ्यात का दिसतो. मग निर्लेखनासाठी तीन सदस्यांची समिती नेमण्यात आली, तीत संचालक होते, कार्यालयाचे अधीक्षक होते आणि, कोणत्या निकषावर कोण जाणे, तर्कशास्त्राचे एक प्राध्यापक होते. समितीने पंप समक्ष मागवला, तिघांनीही तो आळीपाळीने दाबून पाहिला, तिघांकडूनही हवा आली नाही. मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “माझ्या हातात चालतो.” हे विधान तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना ग्राह्य वाटले नाही. ‘दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा मारून समितीने पंप निर्लेखित केला, नव्या पंपाची मागणी रीतसर वर गेली, ती तीन दरपत्रकांअभावी परत आली, पुन्हा गेली. आणि मंजुरी येईपर्यंतच्या त्या सबंध काळात जिमखान्यातील यच्चयावत चेंडू त्याच पंपाने फुगवले जात होते, याची मात्र कोणत्याही रजिस्टरात नोंद नाही.